चौथ्या ठोक्याची जागा

३ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस, दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात

प्रिय भोंगा,

बावीस वर्षांनी पत्र लिहायला बसलोय आणि पहिल्याच ओळीला अडलो. तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, म्हणजे रीतीप्रमाणे नमस्कार लिहायला हवा. पण ज्या मावसभावाच्या डोक्यावर मी लहानपणी वाटीभर डिंक ओतला, त्याला आता कुठल्या तोंडाने नमस्कार करू? तेव्हा ते राहू दे. मी धडाका. तुझा ड्रमवाला. पत्र फाडणार असशील तर फाड, पण आधी शेवटपर्यंत वाच. अक्षर नीट काढायला मला फार कष्ट पडतायत.

तुझा पत्ता खांबने दिला. बेस गिटार गळ्यात अडकवून दोन-दोन तास जागची न हलणारी आपली खांब अजून तेच चष्म्याचं दुकान चालवते, हे तुला ठाऊकच आहे म्हणे. ठाऊक असणारच. बावीस वर्षं तुझे चष्मे तीच करून पाठवतेय! पोहण्याचा नंबरचा गॉगलसुद्धा! मी दर शनिवारी तिच्या काउंटरवर बसून चहा पितो, आणि मला या बाईने एका शब्दाने सांगितलं नाही. काल विचारलं तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?" तू जलतरण तलावावर शिकवतोस, हेही मला कालच कळलं.

आता कामाचं. आपला 'पावणेचार' पुन्हा सुरू होतोय. अल्बम करतोय. आठ चाली, पाच जुन्या आणि तीन नव्या. हे सगळं मास्तरांच्या लेकीचं कारस्थान. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, गणितातून मात्र अजून झालेले नाहीत. त्यांची बोटं आखडलीत, कीबोर्डवर एका हाताची तीनच बोटं नीट चालतात. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तीन बोटांनी वाजवा, उरलेल्या सातांचं मी मशीनवर बघते." आपण बँड मोडला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तुझ्या सॅक्सोफोनच्या पेटीत झोपायची. आता तिचा धंदा ऐकशील तर हसशील. ती यंत्रांचे आवाज बनवते. धुणं झालं की वॉशिंग मशीन जी टुणटुण करतं ना, ती हिची. लिफ्टचं दार उघडताना जो आवाज येतो, तोही हिचाच. लाखो माणसं रोज हिचं संगीत ऐकतात आणि एकालाही ठाऊक नाही.

तर आपलं जुनं जॅझ फ्यूजन, आणि त्याच्या खाली, वर, मध्ये तिचं इलेक्ट्रॉनिक. माझ्या शिकाऊ गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक तिने रेकॉर्ड केली, खांबच्या दुकानातल्या काच घासायच्या मशीनची घरघर घेतली, मास्तरांचा फळ्यावरचा खडूसुद्धा सोडला नाही. या सगळ्याचं तिने असं काही केलंय की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा पाय हलायला लागला. तिसऱ्यांदा मी काठ्या शोधायला माळ्यावर चढलो.

तुला बोलावण्यासाठी हे लिहीत नाहीये, नुसतं कळवतोय. त्या शेवटच्या कार्यक्रमात जे झालं ते झालं. थोडं तुझं चुकलं असेल, थोडं माझं.

बाहेर हॉर्न वाजतोय. एक बाई गेले चार महिने शिकतायत आणि वळताना अजून डोळे मिटतात. निघतो.

धडाका


१९ फेब्रुवारी
लाँड्रीच्या वरची खोली

भोंगा,

उत्तर नाही. ठीक आहे, अपेक्षाही नव्हती. (होती.)

पण आता तुझ्याशी खरोखरच काम पडलंय, म्हणून लिहितो. आमची तालीम आपल्याच जुन्या खोलीत चालते, तिसऱ्या मजल्यावर. खाली अजून लाँड्री, भिंतींना अजून त्याच जुन्या गाद्या. गेल्या आठवड्यात रेकॉर्डिंग सुरू केलं. लेकीची पद्धत अशी, की प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, त्यात मशीन चार वेळा टिक करणार आणि पाचव्याला सगळ्यांनी सुरू करायचं. याहून सोपं काय असणार?

आम्ही उशिरा आलो. तिघेही. पुन्हा घेतलं, पुन्हा उशीर. तिला वाटलं वायरीत बिघाड आहे. तिने तीन वायरी बदलल्या, मग मशीन बदललं, मग माझा हेडफोन खांबला आणि खांबचा मला दिला. एकोणीस वेळा घेतलं. पडद्यावर तिने आम्हाला आमच्या आवाजाच्या लाटा दाखवल्या. तिघांनाही उशीर, आणि तिघांचा अगदी सारखा. ती म्हणाली, "काका, इतकं एकत्र चुकायला माणसाला वर्षानुवर्षं सराव लागतो."

तेव्हा खांबने गिटार खाली ठेवली आणि म्हणाली, "चुकत नाही गं आम्ही. वाट बघतोय."

"कुणाची?"

"भोंग्याच्या श्वासाची."

भोंगा, लेकीने मशीन बंद केलं आणि ती माझ्याकडे वळली.

मग त्या पोरीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आपल्या अगदी पहिल्या कार्यक्रमात मी काठ्यांवर एक, दोन, तीन मोजलं आणि चौथ्याला काठी हातातून निसटून पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी मांडीवर पडली. सगळे गोठले. त्या शांततेत तू भस्सकन श्वास घेतलास, सॅक्सोफोन तोंडाला लावायच्या आधी घेतोस तो, आणि त्या श्वासावर आपण चौघेही बरोब्बर एका क्षणी सुरू झालो. इतकं चांगलं आपण तोवर कधी सुरू झालोच नव्हतो. त्या दिवसापासून मी तीनच ठोके मोजायचे आणि चौथ्याच्या जागी तुझा श्वास, हा नियमच होऊन बसला. बँडचं नाव 'पावणेचार' त्यावरूनच पडलं, हेही तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं चहाची वेळ असेल.

अठरा वर्षं आपण तसंच वाजवलं. आता मशीन बिचारं इमानदारीने चार मोजतं आणि आम्ही तीन म्हातारे मनातल्या मनात तुझ्या नाकाकडे बघत बसतो.

तर लेकीने काय केलं, आपली एक जुनी तालमीची कॅसेट शोधली, त्यातून तुझा एक श्वास कापून घेतला आणि मशीनच्या चौथ्या टिकच्या जागी लावला. पहिल्याच फटक्यात जमलं! मास्तरांनी तीन बोटांनी टाळी वाजवली. पण ती म्हणते, आवाज ज्याचा त्याला विचारल्याशिवाय अल्बममध्ये घ्यायचा नाही. म्हणून विचारतोय. एका श्वासाची परवानगी दे. तुझ्याकडे ढीगभर आहेत.

धडाका


२ मार्च
ऑफिस

तुझं कार्ड पोचलं. बावीस वर्षांनंतरचे तुझे पहिले शब्द मी मोजले, ते दोन भरले. 'परवानगी नाही.' खाली सहीसुद्धा नाही! एवढं मोठं कार्ड, एवढी पांढरी जागा, आणि दोन शब्द! मी ते खांबला दाखवलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "अक्षर सुधारलंय की त्याचं."

असो. तुझा श्वास मशीनमधून काढून टाकलाय. लेकीने माझ्या डोळ्यांसमोर पुसला.

आता आमचे हाल ऐक. श्वासाशिवाय चालेना म्हणून आम्ही दुसरे श्वास लावून पाहिले. खांबचा श्वास टायरमधून हवा गेल्यासारखा येतो. मास्तर श्वास घेतात, पण त्याला जोडून खोकतात, आणि मग आम्ही त्या खोकल्यावर सुरू होतो. माझा घेतला तर पोरगी म्हणाली, "धडाकाका, तुम्ही श्वास घेताच कुठे, नुसता सोडता." ती मला धडाकाका म्हणते, एक 'का' वाचवते.

सगळ्यात चांगली जमली ती खालच्या लाँड्रीतल्या इस्त्रीची वाफ. फुस्स झालं की आम्ही सुरू. सुंदर! पण लाँड्रीवाल्याला आमच्या चालीशी काय देणंघेणं? त्याने एक कॉलर झाली की दुसरी घेतली, पुन्हा फुस्स, आणि आम्ही निम्म्यातून पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक शर्ट संपेपर्यंत आम्ही चार वेळा सुरुवात केली. मास्तर इतके हसले की त्यांचा चष्मा ड्रमवर पडला, आणि तो आवाज लेकीने ठेवून घेतला. तिसऱ्या चालीत आहे.

हसतो आम्ही, पण खरं सांगू का, काम पुढे सरकत नाहीये. लेकीला वाटतं, आपला एखादा जुना कार्यक्रम ऐकला तर चौथ्या ठोक्याला नेमकी किती जागा सोडायची ते मोजता येईल. शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बहुतेक हरवली. घरं बदलताना बऱ्याच गोष्टी जातात.

तुला काही सुचलं तर कळव. दोनपेक्षा जास्त शब्द चालतील.

धडाका


११ मार्च

भोंगा,

कॅसेट हरवली नव्हती.

काल खांब आणि लेक माझ्या गाडीत होत्या. चाक पंक्चर झालं. मी जॅक शोधतोय तोवर खांबने डिकीतून स्टेपनी उचलली, आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट. वर माझ्याच अक्षरात तारीख. बावीस वर्षांत मी सात गाड्या बदलल्या आणि दर वेळी ती पिशवी नव्या गाडीच्या स्टेपनीखाली मीच ठेवली. एकदाही ऐकली नाही. टाकूनही देता आली नाही.

खांबने कॅसेट खिशात टाकली. चाक बदललं, तेही तिनेच, आणि आम्ही सरळ खोलीवर गेलो.

'ओल्या चपला'. शेवटच्या कार्यक्रमातली तीच चाल. लेकीने ती संगणकात घातली आणि पडद्यावर लाटा उमटल्या. माझ्या काठीचे तीन ठोके, तीन बारीक रेघा. मग चौथ्या ठोक्याची जागा. तिथे शांतता हवी आणि तुझा श्वास हवा. तिथे माझा ड्रम होता. हा एवढा मोठा डोंगर. श्वास त्याच्या नंतर, ड्रमच्या गोंगाटात बुडालेला, पण दिसतो. मग खांब आणि मास्तर धडपडत माझ्यामागे आलेले दिसतात. आणि मग तू, तुझ्या जागी, अगदी तालाच्या रेघेवर.

उशीर तुझा झालाच नव्हता. मी एक ठोका आधी घुसलो, हे दोघे दचकून माझ्यामागे धावले, म्हणून एकटा बरोबर आलेला तू सगळ्या हॉलला चुकलेला वाटलास. चाल कोसळली, लोक हसले, आपल्याला थांबून पुन्हा सुरू करावं लागलं. आणि पडद्यामागे सगळ्यांच्या देखत, "भोंग्याचा श्वास पुरेना आता," असं मी म्हणालो. पेटी बंद केलीस आणि गेलास.

काल मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला तो कितीतरी वेळ पुसतच राहिले. लेक म्हणाली, "एकदाच झालं असेल काका, होतं असं." मी म्हटलं, हो, हात घसरला होता.

तेच तुलाही लिहितोय. हात घसरला होता. वाईट वाटतं.

धडाका


१२ मार्च, सकाळी
टपालपेटीजवळच्या बाकावर

भोंगा,

कालचं पत्र पेटीत पडलंय, आणि पेटीत हात घालून ते बाहेर निघत नाही. प्रयत्न केला. पेटी उघडायला आलेल्या माणसाने मला बाजूला बसायला सांगितलं. तेव्हा हे दुसरं लिहून त्याच्याच हातात देतो.

हात घसरला नव्हता.

त्या दिवशी सकाळी हॉलच्या दाराशी कार्यक्रमाची जाहिरात लागली होती. आपला फोटो, आणि खाली कुणीतरी मोठ्या हौसेने लिहिलेलं, 'हा बँड एका श्वासावर चालतो'. मी ते तीनदा वाचलं. ड्रमवाला मी. ताल माझा. मोजतो मी. आणि बँड चालतो कुणाच्या श्वासावर, तर ज्याला लहानपणी साधी शिट्टी वाजवायला मी शिकवलं, त्याच्या! माझा जळफळाट झाला रे. दिवसभर आत काहीतरी धुमसत होतं. रंगमंचावर तीन मोजले, आणि चौथ्याच्या जागी मनात आलं, आज बघूच, हा बँड कुणावर चालतो ते. आणि हाणला.

बँड कुणावर चालत होता ते लगेचच कळलं. माझ्यावर तर नव्हताच.

तुझ्या श्वासाबद्दल जे बोललो ते मुद्दाम बोललो. कुणीतरी पडद्यामागे "काय झालं?" विचारेल आणि सगळे माझ्याकडे बघतील, या भीतीने तोंडातून आधी तेच निघालं. ते खोटं होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं. मला माफ कर. बावीस वर्षं उशिरा मागतोय, आणि या वेळचा उशीर खरोखर माझा आहे.

काल मी हे मास्तरांना आणि खांबला सांगितलं. मास्तर म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं त्याचीच चूक धरून चाललो होतो." खांबने गिटारची वायर काढली, गुंडाळली आणि म्हणाली, "त्याला लिही. 'घसरला-बिसरला' नको, जसं आहे तसं लिही. त्याचं काही येईपर्यंत मी वाजवणार नाही." तिने तसं म्हटलं म्हणून लिहितोय असं समजू नकोस. तिने म्हटलं नसतं तरी लिहिलं असतं, फक्त अजून एखादी गाडी बदलून झाल्यावर.

गंमत बघ. दिवसभर मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतो, माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, आणि दिवसाला दोनशे वेळा मी एकच शब्द बोलतो. "थांबा." लोकांना थांबायला शिकवून माझं घर चालतं.

अल्बम होवो न होवो. तू उत्तर दे किंवा देऊ नकोस. एवढं मात्र लक्षात ठेव, त्या दिवशी तू रेघेवर होतास. मी डोळ्यांनी पाहिलंय.

धडाका


२८ मार्च
खोली, दुपार, सगळे आजूबाजूला बसून मी काय लिहितोय ते वाचतायत

भोंग्या, लबाडा,

पार्सल आलं! पोरीने उघडलं. आत एवढासा रेकॉर्डर आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठी मी मोठ्याने वाचायला घेतली, निम्म्यात खांबच्या हातात दिली.

'जुना श्वास वापरू नका. मी आता तसा घेत नाही. नवे पाठवतोय. बावीस वर्षं मला वाटत होतं की माझाच उशीर झाला. मुलांना पाण्यात श्वास कधी घ्यायचा ते शिकवताना रोज तीच चाल मनात मोजायचो आणि कुठे चुकलो ते सापडायचं नाही. आता चुकलोच नव्हतो हे कळल्यावर काय करावं ते सुचेना, म्हणून आधी तलावात उतरलो आणि खूप वेळ पोहलो.'

मला वाटायचं, तू रागावून गेलास. राग मला चालला असता. तू माझं खोटं खरं मानून गेलास, हे मला माहीत नव्हतं. हे वाचल्यावर मी खाली लाँड्रीत जाऊन उभा राहिलो. लाँड्रीवाल्याने मला इस्त्रीचा एक रुमाल दिला.

मग ऐकलं. तू प्रत्येक श्वासाआधी शिक्षकासारखं ठणकावून सांगतोस, "पहिली चाल, जलद." मग श्वास. "तिसरी चाल, निवांत." मग श्वास. मागे तलावाचा घुमारा, कुणाची तरी शिट्टी, एक मूल ओरडतं, "सर, पाणी नाकात गेलं!" लेक तर नाचायलाच लागली. म्हणाली, इतका सुंदर घुमारा मी मशीनमध्ये सात जन्मांत बनवू शकत नाही. ती शिट्टी आणि ते ओरडणं, सगळं ठेवणार म्हणते. त्या मुलाच्या घरी विचारून घे.

आणि श्वास! जुना नुसता भस्सकन यायचा. नवा लांब आहे, खोल आहे, शेवटी थोडी शीळ आहे. श्वास पुरत नाही म्हणे! हा तर आम्हा तिघांना वाटूनही उरेल. खांबने वायर जोडली. एकेका चालीला एकेकदाच घेतलं आणि सगळ्या पहिल्या फटक्यात जमल्या. काल आणि आज मिळून सात चाली पूर्ण.

सात. श्वास सातच आहेत. आठवा नाही. मी म्हटलं, मोजण्यात चुकला असेल. तेव्हा मास्तर म्हणाले, "धडाक्या, चाळीस वर्षांत तो मोजण्यात चुकलेला मला तरी आठवत नाही. चुकलास तू."

'ओल्या चपला' राहिलीय. तिचा श्वास तू पाठवला नाहीस. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावतोय, चुकत असेन तर कार्ड टाक, दोन शब्दांचं चालेल. आम्ही येत्या दहा एप्रिलला, रविवारी सकाळी दहाला खोलीवर आहोत. तुझं स्टँड पुसून ठेवलंय. मी तीन मोजेन आणि थांबेन. कितीही वेळ लागू दे.

धडाका

(खांब लिहायला सांगतेय की येताना जुना चष्मा घेऊन ये, काड्या सैल झाल्या असतील.)


१६ एप्रिल
ऑफिस. डोळे मिटणाऱ्या बाई आज परीक्षा पास झाल्या.

प्रिय भोंगा,

परवा तुला गाडीवर सोडून आल्यावर लक्षात आलं, की चार दिवस आपण बोलबोल बोललो आणि जे बोलायचं होतं तेच राहिलं. समोर बसलेल्या माणसाची माफी मागणं पत्रात मागण्याइतकं सोपं नाही. मी दोनदा सुरुवात केली होती. एकदा तू मध्येच मीठ मागितलंस, आणि दुसऱ्यांदा तू तलावाच्या चेंजिंग रूमची गोष्ट काढलीस. दर सोमवारी तलाव बंद असतो तेव्हा तिथे बसून बावीस वर्षं सॅक्सोफोन वाजवत होतास, आणि आम्हाला वाटत होतं की पेटीला गंज चढला असेल! ते ऐकताना मी माझं विसरलो.

पण एक गोष्ट पुराव्यानिशी सांगायचीय. त्या रविवारी दार उघडून तू पेटी हातात घेऊन उभा राहिलास, लालबुंद झालेला, पायात खरोखरच्या तलावावरच्या चपला, आणि आम्ही तिघे 'ओल्या चपला' जोरात वाजवतोय. तुझे पहिले शब्द, "या वेळीसुद्धा थांबला नाहीस?"

आणि वाजवणं थांबवून उत्तर द्यावं तर चाल मोडते. खांबने नुसती हनुवटी उडवून तुला स्टँड दाखवलं. तू उभ्याउभ्या पेटी उघडलीस, आणि दुसरा फेरा सुरू व्हायच्या आत आमच्यात होतास. नंतर सगळे इतके हसत होते, लेक इतकी रडत होती, की कोण आधी सुरू झालं हा विषयच निघाला नाही. तूही विचारलं नाहीस. पण जाताना गाडीत म्हणालास, "तू काही बदलायचा नाहीस." हसून म्हणालास, तरी मी दोन रात्री तेच चघळतोय.

तर ऐक. दहा वाजून गेले, अकरा मिनिटं झाली, तू नव्हतास. लेकीने माइक चालू ठेवला होता, खालच्या इस्त्रीचा आवाज पकडायला. दार उघडं होतं. मी उगाच, हाताला चाळा म्हणून, काठीने ड्रमच्या काठावर ठोकलं. एक. दोन. तीन. आणि थांबलो. शपथेवर सांगतो, थांबलो. पुढे काही वाजवायचं डोक्यात नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच तू दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला उभा राहिलास आणि श्वास घेतलास. तो लांब, शेवटी शीळ असलेला.

आम्ही काय करणार रे? कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. तिघांचेही हात आपोआप पडले. अठरा वर्षांची सवय! तू जिन्यात दम खात होतास आणि वर तुझा बँड सुरू झाला.

लेकीने ते सगळं तसंच ठेवलंय. आठव्या चालीची सुरुवात आता अशी आहे: माझे तीन ठोके, जिन्यातला तुझा श्वास, मग आम्ही, मग तुझ्या चपलांची पचपच जवळ येते, तिचा पोरीने मशीनमध्ये घालून ताल बनवलाय, आणि मग तुझं ते ओरडणं. तेही आहे. मी काढ म्हटलं, तिने साफ नकार दिला. म्हणाली, "काका, बावीस वर्षं त्यांच्याविरुद्ध बोललं गेलं, तुमच्याविरुद्ध एक वाक्य अल्बममध्ये राहू दे." राहू दे.

सोबत एक कागद जोडलाय. तिने मला पडद्यावरच्या लाटा छापून दिल्या. तीन बारीक रेघा माझ्या. त्यानंतर ती लांबट, केसासारखी बारीक लाट आहे ना, तिच्यावर मी पेनाने 'भोंगा' लिहिलंय. आणि तिच्यानंतर, तिला कुठेही न चिकटता, माझा डोंगर. पट्टी लावून मोज हवं तर. मास्तरांनी मोजलंय आणि खाली सही केलीय.

या वेळी मी थांबलो होतो, भोंगा.

जिन्याच्या त्या वळणावर तुझ्यासाठी एक खुर्ची ठेवावी असं माझ्या मनात होतं. पण लेक ठेवू देत नाही. म्हणते, बसून घेतलेला श्वास तसा येणार नाही.

तुझा,
धडाका